ढाळ

उंड्रीच्या साइटवर सकाळी आठला
मी तिपाई रोवते, बुडबुडा मधोमध आणते
आणि यंत्राचं डोकं फिरायला लागतं.
किरण दिसत नाही. उन्हात तर नाहीच.
पण सबंध साइटवरून काहीतरी सपाट, पातळ
सरकत राहतं,
जेसीबीच्या काचेतून, सिमेंटच्या थप्पीवरून,
माझ्या गळ्याजवळून,
आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

पत्ता फक्त डिटेक्टरला.
साबणाच्या वडीएवढा पिवळा डबा, स्टाफला आवळलेला.
किरणाच्या वर गेला तर घाईची टिवटिव,
खाली राहिला तर थांबत थांबत,
नेमका लागला की एकच लांब सूर,
जणू गॅसवर कुकर ठेवून कुणी
शेजारी बोलत बसलंय.

भीमण्णा मिस्त्रीला यातलं काही ऐकू येत नाही.
बावीस वर्षं ब्रेकर चालवला,
कान कात्रजच्या खडकातच राहिले म्हणतो, मोठ्यानं.
डब्यावरचे बाण उन्हात पुसट.
म्हणून चरात उभा राहून तो
स्टाफ धरणाऱ्या इरफानच्या भुवया वाचतो.
भुवया वर: अजून खण.
ओठ दुमडले: जास्त गेलं, मुरूम टाक.
इरफानचा चेहरा कोरा झाला
की फावडं टेकवतो.

ऐंशीला एक, असा ढाळ.
सहा मीटरच्या पाइपामागं पंचाहत्तर मिलिमीटर.
भीमण्णा नुसती चार बोटं आडवी धरतो.
मी एकदा टेपनं मोजली ती.
त्र्याहत्तर भरली.

रविवारी साइट बंद.
पत्र्याच्या खोल्यांमागं सांडपाणी
आठवडाभर जागा धरून बसलेलं,
त्यावर साबणाचा फेस, भाताची शितं.
मी स्टोअरच्या वहीत न लिहिता
तिपाई खांद्यावर घेऊन आले.
भीमण्णानं विचारलं नाही काही.
कुदळ आणली.

पोरं जमलीच.
डबा हातात घेऊन हवेत शोधायला लागली:
इथं आहे! अगं, इथं पण आहे!
डोळ्यांजवळ नको रे, मी ओरडत होते,
तर एकेकानं टाळूवर धरून बघितला.
शरणूच्या डोक्यावरून किरण चार बोटं उंच,
गंगूच्या बरोबर वेणीच्या फितीवर.
मौला टाचा उचलून उभा राहिला
आणि सूर लागला लांब,
तेव्हा सगळ्यांनी त्याला लबाड ठरवलं.

घोळ पाण्याच्या टाकीखालच्या ओट्याचा होता.
कुणीतरी ओतला, उरलेल्या मालाचा,
आणि नाल्याकडं जाणारी वाट चाळीस मिलिमीटरनं उचलली.
एवढंच. तीन बोटंसुद्धा नाहीत.
अकरा मीटर खणलं. इरफानच्या भुवया
संध्याकाळपर्यंत दमल्या.
मग पाणी आधी थोडं हललं,
शितं वळली,
आणि भीमण्णा उकिडवा बसून
हात पालथा धरून राहिला त्यात
बराच वेळ, ते जातंय का बघत.

पुढच्या वेळेसाठी मी त्याच्या उंबऱ्याच्या दगडावर
तांबड्या रंगाची फुली मारली.
त्याच्या बायकोनं तिच्याशेजारी
हळदीचं बोट टेकवलं.

सोमवारी स्टोअरचे गोडांबे:
तिपाईच्या पायांना हा चिखल कसला, मॅडम?
बेंचमार्क तपासला, म्हटलं.
कुठला, ते त्यांनी विचारलं नाही.