डायनामो

डिचोली, बसस्टँडच्या मागे, दुपारी तीन.
इनासची जीप चौघांनी ढकलत आणली.
"बॅटरी दोनदा बदलली," तो म्हणतो, "तरी रात्री
कारापूरच्या चढावर दिवे पिवळे पडतात."
मी बॅटरीकडे बघत नाही.

पट्टा काढला, बोल्ट काढले. मांडीवर घेतला तेव्हा कळलं
एवढंसं लोखंड किती जड.
आत तांबडी धूळ. खाण बंद पडून इतकी वर्षं झाली,
ट्रक गंजले, ड्रायव्हरांची पोरं कतारला गेली,
ही मात्र चुंबकाला धरून बसलेली.
रॉकेलनं धुतलं तर बशीत उतरला
अख्खा डोंगर, चमचाभर.

ब्रश नखाएवढे उरलेले.
कम्युटेटरवर चर,
घट्ट बांगडीनं मनगटावर उठावा तसा.
लेथवर केसभर घेतला, जास्त नाही.
मग पट्ट्यांमधला अभ्रक खरवडायचा
हॅक्सॉच्या मोडक्या पात्यानं,
अठ्ठावीस चिरा, एकही चुकवून चालत नाही.
"अल्टरनेटर बसव रे," शेजारचा पंक्चरवाला फटू म्हणतो,
"अर्ध्या तासाचं काम."
अभ्रक डोळ्यात जातो तेव्हा मलाही पटतं.

नवा बुश रात्रभर तेलात,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

सकाळी जोडला. फिरतो, पण वीज नाही.
फार दिवस पडून राहिलं की लोखंड विसरतं
उत्तर कुठली.
त्याला आठवण द्यावी लागते:
बॅटरीची तार फील्डला टेकव, काढ.
एक निळी ठिणगी, बस.
जास्त धरली तर जळेल,
उलटी लावली तर उलटंच लक्षात ठेवेल.
बेर्नार्द मेस्तानं मला हे तोंडानं कधी सांगितलं नाही.
एकदा माझं मनगट धरलं
आणि वेळेवर सोडलं.

इनास सेल्फ मारतो. डॅशबोर्डवर लाल दिवा.
रेस दे. दे अजून.
लाल फिकटतो, थरथरतो, मग
"विझला!" तो ओरडतो.
आमच्याकडे असं म्हणत नाहीत,
दिवा शांत झाला म्हणतात. आईनं थोबाडीत दिली असती.
पण हा गेला तेव्हाच
भर उन्हात, गटाराकाठच्या कुत्र्यानं
हेडलाइटकडे बघून डोळे मिटले.

पैशांचं शनिवारी, म्हणाला इनास.
आज मंगळवार.
बशी मी अजून रिकामी केलेली नाही.