तुलनेसाठी

भुस्कुटेबाईंच्या कपाटाची किल्ली
आता माझ्याकडे आहे.
आत साडेचारशे पानं, सगळी आजारी.
सांवेरचा गहू, देपालपूरचं सोयाबीन,
जुन्या हिंदी वर्तमानपत्रांत दाबलेलं.

शेतकरी म्हणायचे गेरुआ,
बाई घरच्या बोलीत तांबेरा,
वहीत मात्र लॅटिन, तिरक्या अक्षरात.
"तीन नावांनी हाका मारल्या,
एकदाही ओ दिली नाही मेल्यानं,"
स्लाइडवर निळा थेंब सोडताना त्या म्हणत.

केवडा, भुरी, काणी...
नवा होतो तेव्हा वाटे,
कुणाच्या गोठ्यातल्या गायी मोजतायत.

फेब्रुवारीत, आठवडाभर आभाळ राहिलं
की इंदूरहून पहाटेची बस.
गव्हावरून पांढरा रुमाल ओढायच्या.
रुमाल तांबूस झाला, तर घडी घालून
आधी विचारायच्या,
मुलीची परीक्षा कधी आहे?
मग घडी उलगडायच्या.

एकदा मी म्हटलं,
उबग नाही येत, रोगच रोग पाहून?
"बुरशीलाही जगायचंच असतं रे.
तिचं काही चुकत नाही.
आपण गव्हाच्या बाजूचे, एवढंच."
आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली.

परवा खालच्या खणात
एक पाकीट निघालं.
त्यात पान. रंग उडालेला, डाग नाही.
लेबलवर त्यांचं अक्षर:
'निरोगी. तुलनेसाठी.'

खिडकीपाशी नेलं, भिंगाखाली धरलं
आणि किती तरी वेळ
सवयीनं
डाग शोधत राहिलो.