नमुना क्रमांक सात

वैशाख. पहाटेचे साडेपाच.
तापीच्या फुगवट्यात सुपडू भोई होडी लोटतो
आणि आवाज होत नाही.
वाजायला पाणी पातळ लागतं.

हे घट्ट आहे,
रंगाऱ्याच्या हातून डबा सांडावा तसं काठाशी साचलेलं,
वाळल्या कडांना निळसर.
वल्हं बाहेर येतं
ते कोपरापर्यंत मेंदी लावल्यासारखं.

"शेवाळ नाही हे," सुपडू म्हणतो.
"शेवाळाला दगड लागतो धरायला.
पाणी नासलंय, साहेब. दूध नासतं तसं."

मी बाटली बुडवतो, झाकण पाण्याखालीच लावतो.
नमुना क्रमांक सात. तारीख. वेळ.
तापमान, एवढ्या पहाटे, एकतीस.

मासे वर आलेत.
मेलेले नव्हेत, अजून.
पाण्याबाहेर नुसती तोंडं, उघडझाप.
रोहू, कटला,
आणि तळ कधी न सोडणारा शिंगाळासुद्धा.
रात्रभर यानं पाण्यातला श्वास ओढून घेतला.

पलीकडे केळी.
घडाला वजन यावं म्हणून दिलेलं,
मुळांना न पेललेलं,
नाल्यानाल्यानं इथवर आलं.
त्यात गावची गटारं.
त्यात माझ्या मोरीतला साबणही असणार,
मी चोपड्यातच राहतो.

या मुलुखात हिरव्याला कुणी वाईट बोलत नाही.
पुलावरून यष्टी जाते,
खिडकीतून एक पोर बोट दाखवतं,
आई मान डोलावते.

काठावर देवकाबाई, सुपडूची आई,
हंडा पालथा घालून त्यावर बसलेली.
"उकाळीसन पिधं ते चाली ना, भाऊ?"

माझ्या पिशवीत शिक्का आहे:
पाणी गाळून व उकळून प्यावे.
बावीस वर्षं मारतोय मी तो,
कागदावर, भिंतीवर, एकदा चुकून स्वतःच्या डब्यावर.
उकळीनं यातलं विष मरत नाही.
पेशी फुटते, आतलं बाहेर येतं,
आणि वरून पाणी निवळल्यासारखं दिसतं.

तिची म्हैस परवापासून तोंड लावत नाही या पाण्याला.
शेपटी हलवत उभी आहे, पाठ करून.

"नको, मावशी. उकळूनही नको."
"मंग काय पिऊत?"

फॉर्मवर या प्रश्नाला रकाना नाही.
टँकरचं मी काही बोललो नाही,
टँकर माझ्या हातात नाही.
पाठीवरची माझी बाटली काढली,
तिचा हंडा सरळ केला, ओतली.

अर्धा लिटर.
रिकाम्या हंड्यात केवढं वाजलं ते.