परातीतली नदी

परात पोषण आहाराची.
शेवंतामावशींनी दिली ती अटीवर:
साडेअकराला परत, घासून.
तळाला कालच्या खिचडीचं एक शीत चिकटलं होतं,
ते राहू दिलं. म्हटलं, बेट.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली
माझ्या आधीच्या आधीच्या हेडमास्तरांकडून हरवली.
काचेतून दिसतं ते असं: एक लोलक, एक वाळलेली पाल,
आणि ‘जपून वापरा’ अशी चिठ्ठी लावलेलं काहीतरी,
जे कुणीच कधी वापरलेलं नाही.

म्हणून हळद.
हरिपुरात हळदीला काय तोटा.
मुनीरनं वहीच्या कागदात बांधून आणली चिमूटभर.
त्याचे दादा पेवात उतरायचे,
आधी दिवा सोडायचा दोरीनं,
तो तेवत राहिला तरच माणूस.
(हाही प्रयोगच. पुस्तकात नाही.)

पाणी निवू दिलं. हळद भुरभुरली.
पेन्सिल उभी बुडवून हळू ओढली,
पिवळं फाटलं आणि मागं पुन्हा शिवलं गेलं.
जरा जोरात ओढली,
तर एक भोवरा डावीकडं, एक उजवीकडं,
पुन्हा डावीकडं,
घाईत घातलेल्या वेणीसारखे.
भिंतीवर महापुराची रेघ आहे, माझ्या खांद्याच्याही वर,
तिच्या खाली बेचाळीस डोकी
परातीवर वाकलेली.

फळ्यावर लिहिलं: खर्च शून्य रुपये.
मग म्हटलं, ही पेन्सिल म्हणजे पुलाचा खांब.
नदीत खांब उभा, पाणी चालतं,
इथं पाणी उभं, खांब चालतो. एकच गोष्ट.

‘बाई, खांबामागं पाणी उलटं चढतंय.’
गौतमी अंबी. शेवटचा बाक.
‘आज्जा तिथं नाव घालतोय. दम खातोय,
मग त्याच पाण्यावर वर सरकतोय.’
‘वल्हं न मारता?’
ती थोडा वेळ विचार करत राहिली.
‘कमी मारतोय.’

मला सूत्र पाठ होतं.
वेग, जाडी, पाण्याचा दाटपणा, कशाला कशानं भागायचं ते.
‘कमी’ कुठं मांडायचं, कळेना.

तिनं खिशातून शेंगेचं टरफल काढलं,
पेन्सिलीच्या पाठीशी, बोटभर अंतर सोडून ठेवलं,
आणि पेन्सिल ओढत नेली.
टरफल मागं मागं आलं,
न शिवता, पाळलेल्या कोकरासारखं,
शिताच्या बेटाला वळसा घालून, काठापर्यंत.
मुनीर म्हणाला, ‘आयला.’
मी ऐकलं नाही असं केलं.

साडेअकरा. मावशींनी परात घेतली,
काठाला राहिलेल्या पिवळ्यावर साबणाची वडी फिरवली,
आणि हातातली परात लालभडक.
‘बाई, हे काय करून ठेवलंसा?’
दारात सगळा वर्ग जमा झाला, ताटं घेऊन.
मी म्हटलं, ‘हा उद्याचा धडा.’

खोटं.
मला सुचलंच नव्हतं.