दातांत धरायची बॅटरी

माझं काम वीज मोजायचं,
आणि वीज मोजतात ती जागा नेहमी अंधारी.
माझगाव, डोंगरी, नळबाजार.
जिन्याखालची खोली, कडीला काथ्या बांधलेला,
आत सत्तावीस मीटर, एक चेन नसलेली सायकल,
कुणाचं तरी गेल्या वर्षीचं मखर,
आणि एक मांजर, जिला माझं येणं पसंत नाही.

म्हणून ही. बोटाएवढी, दोन पेन्सिल सेलची.
तांडेलांनी निवृत्त होताना दिली.
म्हणाले, "आकड्यावर तिरपी मार.
सरळ मारलीस तर काच तुझंच तोंड दाखवते."

अब्रार, तू नवा आहेस, तू म्हणतोस
काका, मोबाइलला असते की.
बरं. डाव्या हातात वही, उजव्या हातात पेन.
आता मोबाइल दातांत धरून दाखव.
हिच्या बुडाशी बघ, पत्र्यावर चावल्याच्या खुणा आहेत:
खालच्या तांडेलांच्या, वरच्या माझ्या.
त्यांचा एक दात पुढे होता, तो ओळखू येतो.

पेटली नाही तर तळहातावर आपट.
सगळे तेच करतात, कधी कधी चालतंही.
नाहीतर उघड. स्प्रिंग दबली असेल, नखाने जरा ओढ.
सेलच्या टोकाला हिरवट धरलं असेल
तर पोराच्या कंपासातलं खोडरबर घे, घास,
चमक आली की फुंकर मार.
सेल आत खुळखुळत असतील
तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी, चार घड्या, बुडाशी.
मी ओढत नाही. कोपऱ्यावरचा चौरसिया
माझ्यासाठी चांदी जपून ठेवतो
आणि दर वेळी विचारतो, बिल कमी करून देणार का?

तिसऱ्या मजल्यावरच्या रिबेलोबाईंच्या
कानातल्या यंत्राचा सेल एकदा कपाटाखाली गेला.
त्यांना ऐकू येईना, मला काय ते कळेना.
मग लादीला गाल लावला, बॅटरी जमिनीवर आडवी लोळवली.
असं केलं की मुगाच्या दाण्याचीही
सावली वीतभर पडते.
सेल मिळाला, आणि त्याच्या मागे एक बटण,
खाकी, चार भोकांचं, बोटीवरच्या गणवेशाचं.
सेल त्यांनी टेबलावर ठेवला.
बटण हातात धरून बसल्या.
मी मोठ्याने म्हणालो, येतो.
अर्थातच त्यांना ते ऐकू गेलं नाही.

आणि चौथ्यावर, बोईचा काटा घशात अडकलेलं पोर.
आई म्हणाली, भाऊ, तुमच्याकडे उजेड आहे ना, बघा.
आ कर. अजून. जीभ खाली.
काटा दिसला. डाव्या बाजूला, आडवा.
मी म्हटलं, डॉक्टरकडे न्या, डाव्या बाजूला आहे सांगा.
हात घातला नाही.
तीस वर्षं मी फक्त वाचतो, अब्रार.
आकडा कितीही वाढलेला असो,
वाचायचा, लिहायचा, दार ओढून घ्यायचं.

आता नवे मीटर येतायत,
आपला आकडा आपणच कळवणारे.
कुणी खाली उतरायला नको.
मांजर खूश होईल.

ठेवून द्यायची झाली तर सेल काढून ठेव,
नाहीतर आतल्या आत पाझरतात.
आणि रोज खिशात ठेवणार असशील
तर एक सेल उलटा घाल,
गर्दीत बटण दाबलं जाऊन उगाच जळत राहत नाही.
फक्त लक्षात ठेव, उलटा घातलाय ते.
मी विसरतो.
काल जिन्याखाली उभा राहून
दहा वेळा तळहातावर आपटली,
स्प्रिंगला, चौरसियाला, तांडेलांना शिव्या दिल्या,
आणि मग आठवलं.

अंधारातच बूड फिरवलं, सेल फिरवला.
त्याला उजेड लागत नाही. बोटांना माहीत असतं
टोक कुठलं, बूड कुठलं.