काढून टाकलेला स्पीडब्रेकर

कात्रज ते निगडी. सीटखाली एक सेन्सर,
थोपटेंच्या कमरेवर पट्टीनं चिकटवलेले चार.
"गुदगुल्या होतात मॅडम," म्हणाले, आणि गिअर टाकला.

तीन आठवडे मी धक्के मोजले.
चौथा मणका, पाचवा, मधली ती गादी
दर फेरीला किती दबते,
सगळं एका निळ्या रेषेत.

पद्मावतीच्या अलीकडे मात्र
रस्ता सपाट, आणि रेषा वर.
आधी वाटलं, वायर सैल असेल.
मग पुढच्या दांडीला धरून उभी राहिले, पाहिलं:
तिथं आलं की गोरख थोपटे
सीटवरून बोटभर उठतात,
भार मांड्यांवर घेतात,
हळूच बसतात.

"इथं ब्रेकर होता. काढून तीन वर्षं झाली.
मला ठाऊकय हो,
पाठीला कोण सांगणार?"

एमआरआय नॉर्मल आहे त्यांचा.
तरी रात्री फरशीवर सतरंजी टाकून झोपतात,
गुडघ्यांखाली उशी, बायकोनं शिवलेली.

ते दीड सेकंद मी
त्रुटी म्हणून वगळले होते.
काल परत घातले.
तक्त्यात त्यांच्यासमोरचा कारणाचा रकाना
अजून कोराच आहे.