शून्यं वगळून

कंपनीची फाइल रात्री उघडते,
दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली सेव-उसळवाला शटर ओढतोय,
तर्रीचा वास जिन्यानं वर येतो.

एक हजार सहाशे चौदा ओळी.
नाव, पदवी, शहर, तारीख, रक्कम,
आणि 'कारण' नावाचा अरुंद रकाना,
त्यात मावेल तेवढंच कारण:
व्याख्यान. सल्ला. प्रवास. व्याख्यान. व्याख्यान.
एक हृदयरोगतज्ज्ञ एकाच शनिवारी
सुरतेत बोलला, गोव्यात बोलला आणि बालीत.
मी तारखा पुन्हा ताडून पाहिल्या.
तारखा बरोबर आहेत.

ऑडिटच्या अय्यरबाईंनी आधीच बजावलंय,
"खोटं शोधू नका. बेरीज द्या."
बरं.

रकमा उतरत्या क्रमानं लावल्या.
वरच्या बारा जणांतच निम्म्याहून जास्त.
मग जेवणं, आठशे, साडेनऊशे,
एक पेन-स्टँड, दोनशे दहा रुपये,
तोही कुणी निष्ठेनं नोंदवलेला.
पार तळाशी शून्यं. एकोणीस.
त्यांत म्हसकर डॉक्टर.

रावपुऱ्यातलं त्यांचं बाकडं, एक पाय विटेवर.
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा किराणा दुकानाचं.
आईच्या साखरेवर दोन रुपयांची गोळी द्यायचे
आणि सूरसागरला रोज दोन फेऱ्या.
वर्षभरात आईनं त्यांना सोडलं.
"दोन रुपयांत कुठं साखर उतरते?"

आता ती अलकापुरीत जाते.
तिथं एसी आहे, काचेत मासे आहेत,
गोळी सेहेचाळीसची,
आणि डॉक्टर तिला मावशी म्हणतात.
ओळ क्रमांक सात.
खरं सांगायचं तर साखर उतरलीय.
गोळीनं, एसीनं, की मावशी म्हटल्यानं,
त्याला माझ्याकडे रकाना नाही.

साडेअकराला बाईंचा मेसेज:
"शून्यं वगळा. सरासरी बिघडते."

आतून आई विचारते,
"एवढे कुणाचे गं हिशेब?"
"डॉक्टरांचे."
"त्यांना कशाला हिशेब," म्हणते, "देवमाणसं ती,"
आणि कूस बदलते.

एकोणीस ओळी निळ्या केल्या.
बोट डिलीटवर बराच वेळ.
मग काढल्या नाहीत, नुसत्या लपवल्या.
आता पंधराशे पंच्याण्णवच्या खाली
एकदम सोळाशे पंधरा:
एकूण.